विषय: अर्थिंगचा दोष न तपासता बॅटरी आणि अल्टरनेटर बदलून वसूल केलेली रक्कम परत मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग.

महोदय,

आपल्या कंपनीची छोटी मालवाहू व्हॅन मी गेल्या वर्षी नवी घेतली. वरुड तालुक्यात बोअरच्या मोटारी वर काढणे, रिवाइंडिंग करणे आणि परत सोडणे हा माझा धंदा. चेन-पुली, पाइप, केबल, पॅनेल, सगळे याच गाडीत असते. गाडी अजून वॉरंटीत आहे, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी आपल्याच सेंटरला झालेले आहे.

एप्रिलमध्ये एका कास्तकाराची जळालेली मोटार घेऊन संध्याकाळी परत येत होतो. हेडलाइट लावले तसे मीटरवरचे दिवे लुकलुकायला लागले, काटे खाली पडले आणि चालत्या गाडीचे इंजिन बंद झाले. चावी फिरवली की नुसते टक-टक. ट्रॅक्टरने टोचन करून गाडी गावात आणली आणि दुसऱ्या दिवशी पिकअपवर टाकून जिल्ह्याच्या ठिकाणी आपल्या सेंटरला पोहोचवली. वरुडपासून हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. वाहतुकीचा खर्च माझाच झाला.

सेंटरवर स्कॅनर लावला. जॉब कार्डवर दोन कोड लिहिले आहेत, पी ०५६२ आणि यू ०१००. पहिल्याचा अर्थ गाडीतला व्होल्टेज कमी, दुसऱ्याचा अर्थ इंजिनच्या कंट्रोल युनिटशी संपर्क तुटला. व्होल्टेज कमी आहे हे मशीनने सांगितले, पण तो कुठे कमी होतो हे पुढे माणसाने मीटर लावून बघायचे असते. ते कोणी बघितले नाही. "बॅटरी गेली" म्हणून ७,२०० रुपयांची नवी बॅटरी टाकली. गाडी चालू झाली, थोड्याच दिवसांत पुन्हा तशीच बंद पडली. मग चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बदलला, तो १४,८५० रुपयांचा. मजुरी १,६०० रुपये वेगळी. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर कंट्रोल युनिट बदलावे लागेल म्हणून ३८,००० रुपयांचे अंदाजपत्रक हातात दिले. जुने भाग मागितले तर ते जमा झाले, असे उत्तर मिळाले.

तेव्हा गाडी परत आणली आणि इथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवली. त्याच्याकडे स्कॅनर नाही, साधा मल्टिमीटर आहे. त्याने काय केले ते आपल्या अभियंत्यांनी वाचावे म्हणून सविस्तर लिहितो.

बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवत होती. सेल्फ (इंजिन फिरवणारा स्टार्टर) मारताना तिच्या दोन टोकांवर १२.१ राहिली. सेल्फ मारतानाही व्होल्टेज एवढा कमी उतरतो म्हणजे सेल्फचा पूर्ण भार बॅटरीपर्यंत पोहोचतच नाही, वाट मधेच कुठेतरी अडली आहे. मग त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि मला सेल्फ मारायला सांगितले. मीटरवर साडेचार व्होल्ट आले. या जागी अर्ध्या व्होल्टच्या आत यायला पाहिजे. मी क्लचची केबल हाताने पाहिली तर तिचे कव्हर चांगलेच तापले होते. सेल्फच्या करंटला परत जायला धड वाट नव्हती म्हणून तो केबलच्या तारेतून जात होता. अशी केबल वितळून आग लागू शकते. ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त गंभीर वाटते.

नंतर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला जंपर जोडला. पहिल्याच सेल्फला गाडी चालू.

इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी बॅटरीच्या ट्रेखाली बोल्टने कसलेली आहे. बोल्ट उघडला तर पट्टीच्या टोकाच्या थिंबळीखाली कंपनीचा रंग जसाच्या तसा, लोखंड कुठेच उघडे नाही. करंट फक्त बोल्टच्या आट्यांतून जात होता, तिथे काळा जळका डाग आणि पांढरा-हिरवा गंज चढला होता. रंग घासून काढला, दातेरी वायसर टाकला, नवी पट्टी कसली. खर्च ४५० रुपये. तेव्हापासून गाडी सुरळीत आहे आणि हीच चाचणी आता ०.२ व्होल्टच्या आत येते.

बॅटरी बदलल्यावर गाडी थोडे दिवस का चालली, तेही यातून कळते. बॅटरी काढताना ट्रे हलतो, ट्रेबरोबर पट्टी हलते आणि तात्पुरता संपर्क मिळतो. आपल्या माणसांनी त्यालाच दुरुस्ती समजले.

सेंटरच्या सुपरवायझरचे म्हणणे असे की अर्थ तपासला होता, मीटरची बीप वाजली. बीपच्या चाचणीत मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. पट्टीची एक तार शाबूत असली तरी बीप वाजते. सेल्फ मात्र दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. २०० अँपिअर वाहताना ओहमचा शंभरावा भाग एवढा अडथळासुद्धा २ व्होल्ट खातो. डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) सैल जोड मीटरला ठीक दिसतो आणि मोटार सुरू केली की फेज बसतो, म्हणजे त्या तारेचा व्होल्टेज पडतो, हे आम्ही रोज पाहतो. भार टाकूनच तपासावे लागते.

मी बाहेरून दिवा लावला म्हणून दोष आला, हे वॉरंटी नाकारताना दिलेले कारण मला मान्य नाही. गाडीच्या मागच्या भागात काम करताना उजेड पडावा म्हणून मी वीस वॉटची एलईडी पट्टी लावली आहे, तिला वेगळा फ्यूज आहे. ती दोन अँपिअरही घेत नाही. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा तर ती सेंटरनेच काढून ठेवली होती.

एप्रिल-मे महिन्यांत संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे झाडावर असतात. ओलीत तुटले की फळगळ सुरू होते. आमच्या भागात पाणी खोल गेलेले आहे, बोअर शेकडो फूट आहेत आणि शेतीची लाइन ठरावीक तासच असते. मोटार जळाली की कास्तकाराला माणूस त्याच दिवशी लागतो. गाडी उभी असताना मी कित्येकांना नाही म्हणालो. त्यांच्या वावरातले नुकसान या पत्रात मोजलेले नाही, पण ते झाले आहे.

माझ्या मागण्या अशा. बॅटरी, अल्टरनेटर आणि मजुरीचे मिळून २३,६५० रुपये परत करावेत. टोचन, वाहतूक आणि अर्थिंगचा खर्च पावत्यांप्रमाणे द्यावा. दोष बोल्टखालच्या रंगामुळे होता की नाही, याचे लेखी उत्तर अभियंत्याच्या सहीने द्यावे. आणि या मॉडेलच्या ज्या गाड्या इकडे विकल्या आहेत त्यांची ही जागा मोफत उघडून तपासावी. माझ्या ओळखीच्या दोघांकडे हीच गाडी आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. गाडी धंद्याची आहे म्हणून मी ग्राहक नाही, असे उत्तर कृपया देऊ नये. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूत मोजलेली नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते.

जॉब कार्ड, बिले, अंदाजपत्रक आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. काढलेली पट्टी आणि बोल्ट मी पिशवीत सील करून दुकानात ठेवले आहेत. आपल्या अभियंत्याने येऊन पाहावेत, मी ते कुरिअरने पाठवणार नाही.

आपला,
(सही)
मोटार पंप दुरुस्ती व्यावसायिक,
ता. वरुड, जि. अमरावती