दिव्यांची पाच मिनिटे चाचणीत हवीत : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पक्क्या अनुज्ञप्तीच्या (लायसन्सच्या) चाचणीत मोटारीचे बाहेरचे दिवे, इंडिकेटर आणि क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) यांचा वापर तपासण्याबाबत.

महोदय,

मी संगमनेर येथे गेली चोवीस वर्षे मोटार प्रशिक्षण वर्ग चालवतो. शेतकरी, शिक्षिका, परिचारिका, कॉलेजची मुले, निवृत्तीनंतर पहिल्यांदा स्टिअरिंग हातात घेणारे गृहस्थ अशा अनेकांना मी गाडी शिकवली आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्याच खेपेस चाचणी देऊन पक्की अनुज्ञप्ती मिळवली आहे. हे पत्र मी त्यांच्याविषयी आणि माझ्या स्वतःच्या कामातील एका उणिवेविषयी लिहीत आहे. आम्ही लोकांना गाडी हलवायला, वळवायला, थांबवायला शिकवतो. अंधारात ती दुसऱ्याला कशी दिसते आणि आपल्या दिव्यांनी समोरच्याचे काय होते, हे शिकवत नाही, आणि चाचणीतही ते कोणी विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. अनुज्ञप्ती मिळून तिला चार महिने झाले होते. अकोले रस्त्यावर तिने गाडी बाजूला घेतली होती आणि ती रडवेली झाली होती. "सर, समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारतोय. एका ट्रकवाल्याने तर शिवी दिली. गाडीत काही बिघाड झालाय का?" मी तिला विचारले, मीटरमध्ये निळा दिवा दिसतो का? ती म्हणाली, दिसतो, पण तो गाडी घेतल्यापासूनच लागतो. महोदय, तो निळा दिवा म्हणजे अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांबवर जाणारा उंच झोत, चालू असल्याची खूण; खाली झुकलेल्या झोताला डिपर म्हणतात. चार महिने ती रोज संध्याकाळी शाळेतून घरी येताना समोरच्यांचे डोळे दिपवत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. दांडी एकदा स्वतःकडे ओढायला सांगितली, निळा दिवा विझला आणि ती घरी पोहोचली. तिला मी अठ्ठावीस दिवस शिकवले होते आणि त्यांतला एकही दिवस सूर्यास्तानंतरचा नव्हता. ही चूक माझी होती, तिची नव्हे.

चाचणी कशी होते हे आपणास ठाऊकच आहे. दिवसाउजेडी, मैदानावर, आठचा आकडा किंवा रिव्हर्समध्ये एच, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणे, आणि झाले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील चाचणीच्या नियमात उमेदवाराने हाताने व इंडिकेटरने योग्य वेळी स्पष्ट खुणा द्याव्यात अशी अपेक्षा आहे, त्यामुळे वळताना इंडिकेटर लावला की नाही एवढे निरीक्षक पाहतात. हेडलाइटला मात्र कोणी हात लावायला सांगत नाही. शिकाऊ अनुज्ञप्तीची परीक्षा तर २०२१ पासून घरबसल्या देता येते. लोकांचे हेलपाटे वाचले ही चांगलीच गोष्ट झाली, पण संगणकावर उत्तर निवडणे आणि अंधारात न पाहता बोटाने योग्य दांडी शोधणे यांत फार अंतर आहे.

अप्परचा त्रास हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. प्रखर प्रकाश डोळ्यांवर आल्यावर नजर पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात आणि वय वाढते तसा हा वेळही वाढतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते. तीन सेकंद दिसले नाही तर पासष्टहून अधिक मीटर रस्ता चालकाने अंदाजाने कापलेला असतो. चौपदरी महामार्गावर मधल्या पट्ट्यातील झाडी थोडा आडोसा करते. अकोले किंवा कोपरगावकडे जाणाऱ्या दुपदरी रस्त्यांवर तो आडोसा नसतो आणि त्या पासष्ट मीटरांत सायकलवरून परतणारा मजूर असू शकतो. नियमांतही हेडलाइटचा झोत खाली झुकलेला असावा आणि समोर आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. कागदावर हे सारे आहेच, गाडीत बसलेल्या माणसापर्यंत ते पोहोचत नाही, ही माझी तक्रार आहे.

येथे एका लहानशा चाकाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. बहुतेक मोटारींत स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर, बोटाच्या पेराएवढे एक दातेरी चाक असते आणि त्यावर ०, १, २, ३ असे आकडे असतात. ते हेडलाइटचा झोत वरखाली करण्यासाठी आहे. चालक एकटा असेल तर शून्य; मागच्या सीटवर तिघे बसले आणि डिकीत सामान भरले की गाडीची मागची बाजू दबते, नाक वर उठते आणि डिपरवर असलेला झोतसुद्धा समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो. तेव्हा हे चाक दोन किंवा तीनवर फिरवायचे असते. दिवाळीत कुटुंबासह गावी निघालेल्या शेकडो गाड्यांना वाटेत लोक दिवे लुकलुकवून इशारा करतात, चालक वैतागून म्हणतो, "अहो, डिपरच आहे!" आणि तो खरेच बोलत असतो. मी माझ्या वर्गात आलेल्यांना, ज्यांच्या घरी आधीपासून गाडी आहे अशांनाही, या चाकाविषयी विचारतो. ते कशासाठी आहे हे सांगणारा माणूस मला वर्षाकाठी एखादाच भेटतो. त्यात भर म्हणून हॅलोजनसाठी बनवलेल्या वाटीत बाजारातून आणलेला पांढरा एलईडी बल्ब बसवला, की प्रकाश सगळीकडे फाकतो आणि चाक कितीही फिरवले तरी उपयोग होत नाही.

नव्या गाड्यांमुळे एक वेगळाच घोटाळा झाला आहे. पुढे दिवसा लागणारे दिवे आपोआप चालू असतात, मीटरही सदैव उजळलेला असतो, त्यामुळे चालकाला वाटते की आपले दिवे लागलेले आहेत. पुष्कळ गाड्यांत त्या वेळी मागचा लाल दिवा मात्र बंद असतो. शहरातल्या उजेडातून निघालेली गाडी तशीच अंधाऱ्या रस्त्याला लागते आणि मागून येणाऱ्याला ती दिसतच नाही. दांडी 'ऑटो'वर ठेवली की सगळे आपोआप होते, हा समजही अर्धाच खरा आहे. तो सेन्सर उजेड मोजतो, पाऊस किंवा धुके किती दाट आहे ते त्याला नेहमीच कळते असे नाही. इगतपुरी-घोटीच्या बाजूला सकाळी धुके पांढरे आणि उजळ असते, दिवे लागत नाहीत, आणि मग घाबरलेला चालक हाताने अप्पर लावतो. धुक्यात अप्परचा प्रकाश परत फिरून स्वतःच्याच डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करतो. तेथे डिपर आणि असल्यास फॉग लॅम्प, हेच बरोबर.

चारही इंडिकेटर एकदम लावण्याला आपल्याकडे सर्रास 'पार्किंग लाइट' म्हणतात, आणि या नावानेच निम्मा गोंधळ केला आहे. पावसात, बोगद्यात, चौकातून सरळ जायचे असताना लोक लाल त्रिकोणाचे बटण दाबतात आणि चारही दिवे लुकलुकत गाडी चालवतात. मागच्याला कळत नाही की ही गाडी थांबली आहे की धावते आहे. आणि त्या चालकाने नंतर वळण्याची खूण दिली तरी ती दिसण्याची शक्यता जवळजवळ नसते. ते बटण गाडी बंद पडून रस्त्यात अडथळा झाला असेल तेव्हासाठी आहे.

इंडिकेटरविषयी थोडक्यात लिहितो. तो स्टिअरिंग वळवता वळवता दिला तर त्याचा काहीच उपयोग नाही. तो आधी द्यायचा, आरशात पाहायचे, मग वळायचे. लेन बदलताना स्टिअरिंग फारसे फिरत नाही, म्हणून दांडी आपोआप मागे येत नाही आणि गाडी मैलभर उजवा इंडिकेटर मिरवत जाते. टिकटिक नेहमीपेक्षा जलद होऊ लागली तर बहुधा एखादा बल्ब गेलेला असतो, हेही विद्यार्थ्याला सांगावे लागते. दुपदरी रस्त्यावर पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर लावला की मागचा एक चालक 'पुढे जा' असा अर्थ लावतो आणि दुसरा 'मी उजवीकडे वळतो आहे' असा. या एका खुणेचा अर्थ एकच राहावा, यासाठी आपल्या विभागाने मालवाहतूकदार संघटनांशी बोलून ठाम सूचना काढावी, असे मला मनापासून वाटते. आणखी एक अडचण अशी, की आपल्याकडच्या बहुतांश गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, तर काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत ती डावीकडे असते. गाडी बदललेला माणूस वळणावर वायपर सुरू करतो आणि त्या क्षणी त्याची नजर रस्त्यावरून उठते.

उसाच्या हंगामाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आमच्या भागात हिवाळ्यात रात्रभर ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या कारखान्यांकडे जातात. बाहेर आलेल्या उसाच्या वाढ्यांमागे ट्रॉलीचा लाल दिवा, असलाच तर, झाकला जातो. परावर्तक पट्टी चिखलाने माखते. मोटारीचा चालक डिपरवर असेल आणि त्याच वेळी समोरून कोणी अप्पर मारत येत असेल, तर त्याला ही ट्रॉली अगदी जवळ आल्यावरच दिसते. हंगाम सुरू होताना परिवहन विभागाची वायुवेग (फिरती तपासणी) पथके तपासणी करतात, पट्ट्याही लावून देतात. ती तपासणी हंगामभर, आणि मुख्य म्हणजे अंधार पडल्यावर व्हावी.

आता क्रूझ कंट्रोलविषयी. काही वर्षांपूर्वीपर्यंत हा माझ्या विद्यार्थ्यांचा विषय नव्हता. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला, आणि मोटारींना ताशी १२० ची मर्यादा मिळाली. सरळ, मोकळा, कंटाळा आणणारा रस्ता, आणि गाडीत वेग धरून ठेवणारे बटण. लोक ते वापरणारच. परंतु ते कसे वापरावे हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

माझ्याकडे शिकून गेलेला एक तरुण नागपूरहून येताना वेग ११० वर लावून आला होता. शिर्डीला बाहेर पडताना त्याने ब्रेक दाबला, त्याबरोबर क्रूझ सुटले, हे ठीकच झाले. उतरत्या वळणावर आरामात ४५ च्या वेगाने जात असताना त्याचा अंगठा 'रिझ्यूम'च्या बटणावर पडला. गाडीच्या स्मरणात ११० होतेच; ती एकदम जोराने पुढे झेपावली. त्याने पाय जमिनीवर आडवे सोडले होते, ब्रेक सापडायला क्षणभर लागला आणि गाडी कठड्याला घासून थांबली. माणसे वाचली. त्याने मला एकच प्रश्न विचारला, "सर, हे बटण जुना वेग लक्षात ठेवते हे तुम्ही कधी सांगितले नव्हते?" नव्हतेच सांगितले.

साधे क्रूझ कंट्रोल पुढच्या गाडीपासूनचे अंतर पाहत नाही. ते काम रडार किंवा कॅमेरा असलेल्या महागड्या प्रकाराचे. ओल्या रस्त्यावर, घाटात, गर्दीत आणि झोप येत असताना ते लावू नये, कारण पाण्यावरून चाके घसरू लागली तरी ते वेग धरून ठेवण्याचाच प्रयत्न करते. आणि लावले तरी उजवा पाय ब्रेकच्या जवळच ठेवावा. १२० च्या वेगाला एका सेकंदात गाडी तेहतीस मीटर जाते. शोरूममध्ये गाडीला हार घालतात, नारळ फोडतात, मोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीसह कुटुंबाचा फोटो काढतात, मोबाइल ब्लूटूथला जोडून देतात. त्या आनंदात दहा मिनिटे दिव्यांच्या दांडीला आणि क्रूझच्या बटणांना मिळत नाहीत. नोंदणी आता विक्रेत्याकडेच होते, तर ही माहिती प्रत्यक्ष करून दाखवल्याची ग्राहकाची सही त्याच कागदांसोबत घ्यावी, असे आदेश परिवहन आयुक्तांनी द्यावेत.

केंद्राचे नियम बदलणे आपल्या एकट्याच्या हातात नाही, याची मला जाणीव आहे. परंतु चाचणी आपले निरीक्षक घेतात. त्यांनी मैदानावर गाडी सुरू करण्यापूर्वी उमेदवाराला, गाडी उभी असतानाच, डिपर लाव, अप्पर लाव, निळी खूण दाखव, झोत खाली कर, मागचे दिवे लागले का ते उतरून पाहा, चारही इंडिकेटर कधी लावशील ते सांग, एवढे विचारले तर पाच मिनिटे लागतील. चाचण्यांची संख्या मोठी आहे आणि निरीक्षक अपुरे आहेत, ही अडचण मी रोज पाहतो, तरीही ही पाच मिनिटे काढावीत अशी माझी विनंती आहे. आम्हा प्रशिक्षण वर्गांवर प्रत्येक विद्यार्थ्याला किमान दोन तास सूर्यास्तानंतर रस्त्यावर नेण्याचे बंधन घालावे. आम्हाला त्याचा खर्च पडेल, वेळ जाईल, काही पालक मुलींना रात्री पाठवायला नकोही म्हणतील. तेव्हा पालकांनाच मागच्या सीटवर बसवून नेता येईल. बंधन नसेल तर मात्र कोणी नेणार नाही. मीही चोवीस वर्षे नेले नव्हते. विद्यार्थी आमच्याकडे पैसे भरतो तो चाचणीत जे विचारतात ते शिकण्यासाठी, आणि ज्या आठवड्यात दिव्यांचा प्रश्न चाचणीत येईल त्याच आठवड्यापासून राज्यातला प्रत्येक वर्ग तो शिकवू लागेल.

माझ्या वर्गापुरते मी हे जानेवारीपासून सुरू केले आहे. वर्गामागच्या भिंतीवर खडूने एक आडवी रेघ मारली आहे, गाडी तिच्यासमोर उभी करतो, मागे तीन माणसे आणि डिकीत सिमेंटच्या दोन गोण्या ठेवतो, आणि झोत रेघेच्या किती वर गेला ते विद्यार्थ्याला स्वतः चाक फिरवून खाली आणायला लावतो. आपल्या विभागाच्या अधिकाऱ्यांनी कोणत्याही दिवशी अंधार पडल्यावर चाचणीच्या मैदानावर बोलावले, तर गाडी, गोण्या आणि खडू घेऊन मी हजर राहीन.

आपला नम्र,
एक मोटार प्रशिक्षक,
संगमनेर