टाक्यांवरून कळलं ते

निफाड, ६ जानेवारी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. कारण आहे, पण ते मागाहून सांगते. फोनवर तो विषय निघाला की आईला नेमकं गॅसवरचं दूध आठवतं.

तुमच्याकडे समुद्राच्या कडेला पहाटेपुरता गारवा. इथे काल पारा सहावर होता, आज त्याहून खाली असणार. शेजारच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तो मोजतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘निफाड गारठलं’ असं येतं. २०१८ च्या डिसेंबरात तो दोनच्याही खाली गेला होता, तेव्हा ओंकार दोन गोधड्यांखाली निजून तिसरी मागत होता. अनिल चार वाजताच बागेत गेले. थंडी फार वाढली की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून पहाटे ठिबक सोडायचं, ओळींमधून शेकोट्या पेटवायच्या. घरी आले तेव्हा कपड्यांना धुराचा वास आणि हात इतके आखडलेले की कपाची कडी धरवेना. मी बशीत चहा ओतून दिला.

अशा दिवशी माझं गोधड्या शिवायचं काम दहाच्या आधी सुरूच होत नाही. बोटं वळत नाहीत, सुई हातात आहे की नाही तेही कळत नाही. ऊन ओट्यावर आलं की मी सतरंजी टाकते. आधी सकाळचं उरकायचं: बाजरीची भाकरी (आई, आता माझी फुगते, हसू नकोस), सासूबाईंचं गरम पाणी, ओंकारचा डबा. ऊन साडेचारला पेरूच्या झाडामागे जातं. मधले सहा तास माझे.

काल एक बाई आल्या, सहा साड्या घेऊन. आईच्या साड्या, आई गेली त्यांची पावसाळ्यात. त्यातल्या चार जॉर्जेटच्या निघाल्या. काय सांगणार? तो कपडा सुईखाली सरकतो, थर थराला धरून राहत नाही आणि अंगाला ऊबही देत नाही. सुती लुगडं वीस वर्षं धुवून मऊ झालेलं असतं, थरांत हवा धरून ठेवतं, घामही पितं. शेवटी आत दोन सुती घालायच्या ठरल्या, जॉर्जेटचे फक्त काठ काढून वरून चौकटीला लावायचे. त्या बाई काठावर हात फिरवत बराच वेळ बसल्या. मी काही बोलले नाही, चहा टाकला.

आई, हिशेब तुला माहीतच आहे, बाबांसाठी लिहिते, कारण ते नेहमी विचारतात की एवढे पैसे कशाचे. पाचवारी म्हणतात त्या साडेपाच मीटरच्या साडीचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे निघतात, म्हणजे दोन साड्यांत सहा थर. पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास, एकट्या माणसापुरता. दोघांची हवी तर पन्ह्याला पन्हा जोडावा लागतो आणि तो जोड प्रत्येक थरात वेगळ्या जागी यायला हवा, नाहीतर मध्ये गाठोडं होतं. मग दिवाण भिंतीला सरकवून जमिनीवर थर अंथरायचे, सुरकुती काढत काढत कच्चे टाके घालायचे, आणि त्यानंतर धावदोरा. कडेकडेने फिरत आत यायचं, बोटभर अंतर ठेवून. दोरा हातभरच घ्यायचा. लांब घेतला की कष्ट वाचतात असं वाटतं, पण मध्येच गुंता होतो. मी त्याला मेण लावते. दुपारचे तीन-चार तास बसले तर पंधरा दिवसांत एक होते. बाजारात मशीनवर शिवलेली निम्म्या पैशांत मिळते, मिळू दे.

मागे नाशिकला एका प्रदर्शनात कर्नाटकातल्या हल्याळकडच्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या, बायकांच्या गोधड्या पाहिल्या. कवंदी म्हणतात. त्याही कडेने सुरू करून मध्यात येतात, आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची नाही. एकीने माझं बोट धरलं, अंगुस्तानाचा वळ पाहिला आणि स्वतःचं बोट पुढे केलं.

आज मात्र गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवलं आणि आजीची जुनी वाकळ उसवायला घेतली. वरचं कापड पार विरलं होतं. ते काढलं तर खाली आणखी एक अख्खी गोधडी. तिच्या खाली साखरेच्या पोत्याचं कापड, पुसट निळी अक्षरं असलेलं, आणि त्याच्या शेजारी खाकी तुकडा, खिशासकट. बाबा, तुमची शाळेची चड्डी असणार. खिशाला आतून भोक आहे. आजीने ते न शिवता तसंच आत ढकललंय, म्हणजे तिलाही कंटाळा यायचा तर! आणि मध्यात, जिथे शेवटचा टाका पडतो, तिथे काहीतरी कडक लागलं. तांदळाचे सात-आठ दाणे, पिठूळ झालेले. गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये, असं ती म्हणायची ना? मी ते तसेच पुन्हा शिवणार आहे, नवे चार घालून.

आजीच्या टाक्यांशेजारी तुझे टाके ठेवून बघावेत म्हणून दिवाळीत तू बाळासाठी पाठवलेलं दुपटं काढलं. आई, आता ऐक. बाबा, वाचताना गाळू नका.

तुझा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. लहानपणापासून मी तोच पाहिला, आणि अजून मला तो जमत नाही. या दुपट्यावर पांढऱ्या कापडाचे टाके तसेच आहेत. पण गडद कापड आलं की ओळ भरकटते, एकाच भोकात दोनदा सुई गेलीय, एके ठिकाणी खालचा थर टाक्यात आलेलाच नाही. आणि फोनवर तू म्हणालीस, ‘हिरवा काठ लावलाय.’ तो निळा आहे.

ट्यूबलाइट टोचते म्हणून संध्याकाळी दिवा मालवून बसतेस, हे बाबांनी मला गणपतीतच सांगितलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितलाय, तेही. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं.

मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं, हे तुझ्या आत्याच्या वेळचं. आता तसं थांबवत नाहीत. जुनं भिंग काढून कृत्रिम बसवतात. सासूबाईंचं गेल्या वर्षी झालं, सकाळी गेल्या आणि दिवेलागणीला घरी होत्या. नंतर काही आठवडे थेंब, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, वाकून जड उचलायचं नाही. एक डोळा आधी, दुसरा नंतर. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा काय म्हणाल्या माहितेय? ‘ही साडी पांढरी आहे होय? मी पिवळी समजून कार्याला नेसत नव्हते.’ त्या दिवसापासून माझी निवडलेली डाळ पुन्हा निवडतात, हा एक त्रास झालाय.

द्राक्षं उतरली की मी येते, मार्चमध्ये, महिनाभर राहायला. थेंब मी घालीन. बाबांच्या हाताला कंप आहे, आणि ते मान्य करणार नाहीत. तारीख तेवढी घेऊन ठेवा.

तोवर शिवू नकोस असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी तू ऐकणार थोडीच. सोबत खाकी तुकड्यावर चाळीस सुया टोचून पाठवते. सगळ्यांत दोरा ओवलेला आहे, हातभर, मेण लावून. ओंकारने ओवल्यात, एका सुईला एक तिळाचा लाडू या बोलीवर. पांढऱ्या दोऱ्याच्या पुढच्या ओळीत आहेत, लाल मागे. खिसा तुमचा, बाबा, सांभाळून ठेवा.

तुमची,
मंदा

ता. क. निळा काठ मी उसवलेला नाही. बाळाला आवडलाय, सारखा तोंडात घालतं.