यंदा कासवांच्या अंड्यांना राखणीबरोबर सावलीही हवी

ग्रामस्थ, मुंबईकर चाकरमानी आणि कासवप्रेमी मंडळींस,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर लागला की आपल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या येऊ लागतात. रात्रीच्या वेळी दीडएक फुटाचा खड्डा करायचा, शंभराच्या आसपास अंडी घालायची, वाळू लोटायची आणि परत समुद्र गाठायचा. पूर्वी ही अंडी माणसे नेत, उरलेली कुत्री-कोल्हे उकरत. २००२ मध्ये वेळासला संवर्धनाचे काम सुरू झाले, पुढे मंडणगड-दापोलीच्या गावांनी ते उचलले. चोरांचा बंदोबस्त आपणही केला. उन्हाचा मात्र अजून केलेला नाही.

कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याभोवतीची वाळू किती तापते यावर ठरते. साधारण ३० अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. वाळू ३४ अंशांच्या पुढे बराच काळ राहिली तर पिल्लू अंड्यातच दगावते. डिसेंबरातल्या घरट्यांना एवढा धोका नाही. मार्चमध्ये घातलेली अंडी मात्र दीड-दोन महिने, ऐन एप्रिल-मेच्या तापात उबतात. त्यात २०२० च्या निसर्ग वादळात पुळणीलगतची सुरूची झाडे आडवी झाली आणि अंड्यांच्या कुंपणाला सकाळी मिळायची ती सावलीही गेली. अंडी उचलून कुंपणात आपणच पुरतो. तिथल्या वाळूचा जिम्मा कासविणीवर कसा टाकणार?

म्हणून कुंपणावर सावली करायला प्रत्येक घरातून निदान दोन झाप, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्या, हवे आहेत. शेडनेट विकत मिळते, पण झाप आपल्या वाडीतलेच, आणि हंगाम संपला की चुलीत जातात. वासे, सुंभ ज्यांना जमेल त्यांनी द्यावे. पैशांची गरज आहे ती वाळूत पुरायचे तापमापक आणि रात्रभर फिरणाऱ्या कासवमित्रांचे मानधन, एवढ्यासाठीच. देणगी ग्रामपंचायत कार्यालयात द्यावी आणि पावती मागून घ्यावी.

किनाऱ्यावरच्या लॉजवाल्यांना आग्रहाची विनंती: समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवा. पिल्ले उजेडाकडे धावतात आणि पाण्याऐवजी तुमच्या अंगणात येऊन मरतात. हे दरवर्षी सांगावे लागू नये.

शिमग्याला येणाऱ्या मुंबईकरांनी एक रात्र गस्तीला यावे. घरट्याला हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. अंडी हलवण्याचे काम वनविभागाच्या परवानगीने कासवमित्रच करतील.

झाप जानेवारीअखेर शाळेमागच्या पडवीत आणून टाकावेत. ज्यांच्या घरी विणणारे कोणी नाही, त्यांनी नुसती, न विणलेली चुडते दिली तरी चालतील.

आपली,
जैवविविधता व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत