दगडफुलासाठी पाचशे कोस

पुणे, १० जानेवारी २०२६

ती. आई आणि अप्पा यांस,
सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण फोनवर अप्पा "बरं" म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात, तू "जेवलीस का" विचारतेस, मी "हो" म्हणते आणि संपतं. म्हणून पत्र. वहिनीला मोठ्याने वाचायला लावू नका, आपापलं वाचा. अप्पांचा चष्मा टीव्हीच्या मागे असेल.

मुद्द्याचं आधी सांगून टाकते. नाशिकच्या अंबडमधल्या शेती-औषधांच्या कंपनीला मी "नाही" कळवलं. दत्तजयंतीला घरी आले होते तेव्हा "विचार चाललाय" म्हणाले, ते खोटं होतं. नकाराची मेल त्याच्या आठ दिवस आधीच गेली होती. आई, तू ताटात भात वाढता वाढता म्हणालीस, "आता घरनंच जाशील, डबा मी देत जाईन." तेव्हाच सांगायला हवं होतं. मी वरण मागितलं. तो घास अजून गिळला गेलेला नाही.

२ फेब्रुवारीला मी पालमपूरला, हिमाचलात, विद्यापीठात रुजू होतेय. मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवायचं आणि उरलेल्या वेळात दगडफुलाचा अभ्यास.

अंबडचा पगार जवळजवळ दीडपट होता, मला माहीत आहे. मखमलाबादहून स्कूटीवर जाऊन-येऊन करता आलं असतं, तेही माहीत आहे. आणि ऑगस्टमध्ये अप्पांना दोन स्टेंट पडल्यावर शहाण्या मुलीने जवळची नोकरी धरावी हे तर काकूंनी चारचौघांत ऐकवलंच. हा हिशेब मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा मांडलाय, रात्री दोन वाजता उठून मांडलाय. उत्तर दर वेळी तेच आलं, म्हणून लिहितेय.

अप्पा, दिवाळीत मांडवाखाली उभं राहून तुम्ही विचारलंत, "दगडावरचं शेवाळ बघून कोणाचं पोट भरणार आहे?" तेव्हा मी चिडले. प्रश्न रास्त होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून चिडले.

आता ऐका. मी चौथीत असताना द्राक्षघडांच्या डिपिंगच्या दिवसांत तुम्ही मला बादलीपाशी बसवायचात. एक ग्रॅम जीए, म्हणजे मणी फुगवायचं औषध, आधी स्पिरिटमध्ये विरघळवायचं, मग पंचवीस लिटर पाण्यात. चाळीस पीपीएम, दहा लाख भागांत चाळीस. पीपीएम म्हणजे काय हे मला कॉलेजात कोणी शिकवलंच नाही, मी ते बादलीतून शिकून गेले होते. बाया ग्लासात पाणी घेऊन एकेक घड बुडवत पुढे सरकायच्या आणि एखादा घड सुटला की तुम्ही लांबून ओरडायचात. त्या पाण्याशिवाय थॉमसन द्राक्षाचा मणी वाटाण्याएवढा राहतो, व्यापारी गाडीतून खाली उतरत नाही. आपलं घर, माझी फी, धाकट्याचा ट्रॅक्टर, सगळं त्या बादलीतून आलं.

ते जीए आलं कुठून? तैवानात, तेव्हा तिथे जपानचं राज्य होतं, भाताच्या रोपांना एक रोग पडायचा. रोप उगाच उंच वाढायचं, फिकट पडायचं आणि आडवं व्हायचं. जपानी शेतकरी त्याला 'बाकानाए' म्हणायचे, म्हणजे वेडं रोप. एइची कुरोसावा नावाचा माणूस त्या वेडेपणामागे लागला. १९२६ साली त्याने दाखवलं की रोपाला लागलेली बुरशी गाळून टाकली, नुसतं तिचं गाळलेलं पाणी राहिलं, तरी रोपं तशीच वाढतात. म्हणजे बुरशी काहीतरी सोडतेय. १९३५ मध्ये तोक्योच्या याबुतांनी त्या 'काहीतरी'ला जिबरेलिन हे नाव दिलं. त्यातलंच आपलं जीए. द्राक्ष तेव्हा कोणाच्याही डोक्यात नव्हतं. कुरोसावाच्या बापानेही विचारलं असेल, वेडी रोपं बघून कोणाचं पोट भरणार आहे म्हणून.

हे वाचून तुम्ही म्हणाल, झालं, पोरीने भाषण ठोकलं. थांबा, दुसरी बाजूही मीच सांगते, कारण ती तुम्ही बोलणार नाही.

२०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. सीसीसी नावाचं वाढ रोखणारं औषध सापडलं म्हणून. वर्षानुवर्षं सगळे मारत होते, फुटी आखूड राहाव्यात म्हणून, कोणी चोरून मारत नव्हतं. तिकडे मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि ती मोजणारी यंत्रं त्यांच्याकडे. तेव्हा मी एमएस्सीनंतर प्रयोगशाळेत नुकती लागले होते, तशाच यंत्रावर बसून आणखी कशाकशाचे अवशेष मोजत होते. रात्री तुम्ही ओट्यावर बसून एवढंच म्हणालात, "तुमच्या लोकांना हे आधी ठाऊक नव्हतं का?" ठाऊक होतं, अप्पा. इंग्रजीत लिहिलेलं होतं. ज्यांनी लिहिलं त्यांना बढती मिळाली आणि ज्यांच्या मालावर लिहिलं त्यांना पत्ता नव्हता. तुमच्या त्या एका वाक्यामुळे मी पीएचडीच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मराठीतून पुन्हा लिहून काढलं. छापलं कोणी नाही. कपाटात आहे, तुमच्या सात-बाराच्या फायलीखाली. तुम्ही वाचलं नसणार, तरी चालेल.

मग अंबड का नको? तिथली माणसं वाईट नाहीत. मुलाखत घेणारे साहेब तर आपल्याच तालुक्यातले, त्यांनी चहाबरोबर तुमची चौकशीही केली. पण मी एक प्रश्न विचारला: "चाचणीत औषधाची गरजच नाही असं निघालं, तर ते छापाल का?" ते हसले. रागावले असते तरी चाललं असतं मला.

तुम्ही आठवून बघा. भुरीचा रोग आला की तुम्ही विचारायला कुठे जाता? दुकानात. ज्याच्याकडे बाटली विकायला आहे त्यालाच. तो भला माणूस आहे, उधारी ठेवतो, पण आजवर तो एकदा तरी "आज काही मारू नका, घरी जा" म्हणालाय? विद्यापीठातल्या माणसाचा पगार बाटलीवर नसतो. त्या माणसात शंभर दोष असतात, आळस असतो, दिमाख असतो, निवडसमितीवर मामा बसवलेला असतो, मी दहा वर्षं जवळून बघितलंय. पण "मारू नका" म्हणायची मुभा त्यालाच असते. गावात असा एखादा माणूस हवा, ज्याला आपल्याला काहीच विकायचं नाही. मला तो व्हायचंय. गाव थोडं लांबचं निघालं, एवढंच.

आई, तुला वाटेल हे सगळं अप्पांसाठीच लिहिलंय. तू तर माझ्या आधीची शास्त्रज्ञ आहेस, तुला आठवत नसेल. २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो म्हणून सगळं शहर रस्त्यावर. तू मला घेऊन रविवार कारंज्याला रांगेत तीन तास उभी, माझ्या हातात दुधाची लोटी, तुझ्या हातात चांदीचा चमचा. आपल्या चमच्यातलं दूधही गेलं. बायका रडत होत्या. तू मात्र खाली बघत होतीस, गाभाऱ्याच्या कडेच्या मोरीतून पांढरं पाणी वाहत होतं. घरी आलीस, पदर खोचलास, वरवंटा उभा केलास आणि भरलेल्या चमच्याची कड त्याला टेकवलीस. वरवंटाही दूध प्यायला. तू मला म्हणालीस, "बघ." बाकी काही नाही. वरवंटा धुऊन ठेवलास आणि भात टाकलास.

नंतर दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून टीव्हीवर तेच दाखवलं, की दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थर होऊन खाली उतरतं. पृष्ठताण. पण आपल्या घरात ते आधी दिसलं होतं. तुझी संकष्टी त्यानंतर एकदाही चुकली नाही, आणि मला त्यात कधी विसंगती दिसली नाही. महिन्याभराने दिवाळीत सूर्यग्रहण आलं तेव्हा आजीने दारं लावून घेतली, आणि तू मला न्हाणीघराच्या पत्र्याच्या भोकातून जमिनीवर पडलेला सूर्याचा चावलेला तुकडा दाखवलास. आजीला अजून— असो, आजी गेली.

काकूंनी पत्रिका बघून मला उत्तरेचा योग नाही असं सांगितलंय म्हणे. त्यांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ना नारळीकर, प्रकृतीमुळे येऊ शकले नव्हते ते, त्यांनी दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर पत्रिकांची परीक्षा घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस, कोणती कोणाची ते ओळखायला. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. नको, हे सांगू नकोस, त्या जेवायच्या थांबतील. नमस्कार तेवढा सांग.

आता दगडफूल. तू काळ्या मसाल्यात सगळ्यात शेवटी, थेंबभर तेलात परततेस ते. ती एक वनस्पती नाहीच. १८६७ साली श्वेन्डेनर नावाच्या स्विस माणसाने सांगितलं की ही बुरशी आणि शैवाल यांची जोडी आहे. दगडफुलाचे तेव्हाचे मोठमोठे पंडित त्याच्यावर तुटून पडले. जीवशास्त्रात सगळीकडे लढाई आणि झटापटीचीच भाषा होती, त्यात दोन परके जीव एका घरात संसार करतात म्हणजे काहीतरीच. पण तेच खरं निघालं, आणि 'सहजीवन' हा शब्द शास्त्रात रुळला. २०१६ मध्ये कळलं की पुष्कळशा दगडफुलांत तिसरंही कोणी राहतं, एक यीस्ट. दीडशे वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली होतं आणि दिसलं नव्हतं. अप्पा, बांधावरून तुमचं आणि काकांचं जे चालतं त्यावर मी काही म्हणत नाहीये. नुसतं सांगतेय.

बरं, माझी काळजी करू नका. खोलीत गीझर आहे. दोन रजया घेतल्यात, हीटर घेणार आहे. राजमा-भात मिळतो, भाकरीचं पीठ मी नेतेय. मनमाडहून झेलम पकडली की थेट पठाणकोट, पुढे गाडीने तीन-साडेतीन तास. ओझरहून दिल्लीला विमानही आहे, म्हणजे काही झालं तर मी दुसऱ्या दिवशी दारात. मेमध्ये तुम्ही दोघं या. तिकिटं मी काढते. खिडकीतून धौलाधारचा बर्फ दिसतो, आई, तू चहा घेऊन नुसती बसशील.

आता मुकाट्याने ऐकायचं:

रक्त पातळ होण्याची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, "आज बरं वाटतंय" म्हणूनही नाही. मी वहिनीच्या मोबाइलवर गजर लावून ठेवलाय, तो बंद करू नका. रात्री वीज आली म्हणून मोटर चालू करायला एकटं जायचं नाही. बिबट्या दिसल्याचं धाकट्याने मला सांगितलंय, तुम्ही लपवलंत. फवारणीला ब्लोअरमागे उभं राहायचं नाही, तोंडाला उपरणं बांधणं म्हणजे मास्क नव्हे. मण्यांत पाणी उतरायला लागलं असेल, बागेत फिरताना चाखत चाखत अर्धा किलो संपवता ते बंद, साखर बघा. आणि आई, तू गुडघ्याला ते कोणीतरी दिलेलं हिरवं तेल लावतेस, लाव, पण फिजिओचे व्यायामही कर.

अजून एक. विहिरीजवळच्या आंब्याच्या खोडावर राखी-पांढरे चट्टे आहेत, त्यावर यंदा बोर्डोची, मोरचूद-चुन्याची पेस्ट फासू नका. तो रोग नाही, तेच दगडफुलाचं भावंड आहे, झाडाचं काही खात नाही. हवेत धूर वाढला की ते आधी मरतं. पॅरिसमध्ये १८६६ सालीच एकाच्या लक्षात आलं होतं की शहरात ते नाहीसं झालंय आणि एका बागेत तेवढं उरलंय. आपल्या आंब्यावर आहे तोवर बरं समजायचं. अप्पा, महिन्यातून एकदा फोटो काढून पाठवा, शेजारी रुपयाचं नाणं धरा म्हणजे मला माप कळेल. तारीख लिहा.

संक्रांतीला मी नाही, तिळगूळ कुरिअरने पाठवू नका, चुरा होतो. २५ तारखेला सामान आवरून घरी येतेय, चार दिवस राहीन. तेव्हा काय रागवायचं ते रागवा. आई, तू नको रडूस, तू रडलीस की अप्पा बागेत निघून जातात आणि मग मला तुम्हा दोघांना शोधत फिरावं लागतं.

आणि एप्रिलच्या मसाल्यासाठी दगडफूल मेन रोडवरून आणू नकोस. तिथून पाठवीन, विकतचंच, डोंगरावरून ओरबाडून नाही. पाव किलो पुरेल ना? नाहीतर आत्ताच सांग.

तुमची,
चिमी