खेळ २०३० चे, हिशेब २०१० चा

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला मिळाल्याचा आनंद रास्त असला, तरी दिल्लीतील २०१० च्या स्पर्धांचा हिशेब विसरता येत नाही. त्यांचा एकूण खर्च 'कॅग'ने (देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी) १८,५३२ कोटी रुपये काढला होता. उद्घाटनाला जेमतेम बारा दिवस उरले असताना मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, ते वेगळेच. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने, २६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा खर्च सहाशे कोटींपुढे जाण्याची चिन्हे दिसताच, २०२६ चे यजमानपद २०२३ मध्येच सोडले आणि ३८ कोटी डॉलरची भरपाई दिली. नामुष्की खरी, पण वेळीच पत्करलेली. अहमदाबादच्या खर्चाचा तपशील दर तिमाहीला जाहीर करावा आणि 'कॅग'चे लेखापरीक्षण, स्पर्धा संपण्याची वाट न पाहता, बांधकामांबरोबरच सुरू व्हावे.

– एक वाचक, पुणे