आबांची ठासणीची बंदूक

नागपूर,
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "काय बे, घरी रायफल बनवून राहिला म्हणे?" तेव्हा मी धड उत्तर दिलं नाही. तुझा आवाज काळजीचा होता आणि फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतंही. म्हणून आज सकाळचं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो.

रायफल नाही, खरी बंदूकही नाही. आमच्या आबांची, म्हणजे आजोबांची, ठासणीची बंदूक मी लाकडात घडवून राहिलो, होती त्याच मापाची. नळीसकट सगळं लाकूड.

त्या लांब नळीच्या रायफलींचं वेड मला निवृत्तीनंतर लागलं, हे खरं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात अठराव्या शतकात जर्मन मुलखातून गेलेले कारागीर त्या घडवायचे. मेपलच्या लाकडाचा सडपातळ दस्ता आणि नळीच्या आत कोरलेले मळसूत्री आटे. त्या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते, आणि आटे असतात म्हणूनच ती रायफल. आजही तिकडे हौशी माणसं घरच्या वर्कशॉपात कानस आणि पटाशी घेऊन वर्ष वर्ष एकेका रायफलीवर बसतात. ते बघता बघता मला मेपलचा दस्ता दिसेनासा झाला आणि आबांच्या बंदुकीचा दिसू लागला.

आपल्याकडे असं काही करायचं म्हणजे आधी कायदा. मी करवतीला हात लावायच्या आधी वकिलाकडे जाऊन आलो. 1959 चा शस्त्र कायदा स्पष्ट आहे. परवान्याशिवाय बंदूक तर सोडच, तिचा सुटा भाग बनवणंही गुन्हा. 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. दिखाऊ बंदुकीची खरी करणंही गुन्ह्यातच येतं. म्हणून पहिल्या दिवशीच ठरवलं की नळी भरीव राहील. तोंडाशी भोकसुद्धा पाडायचं नाही, काळ्या रंगाचा गोल टिकला द्यायचा. चाप आणि घोडा दोन्ही कोरलेले, जागचे न हलणारे. मला हे बंधन जाचलं नाही. तिच्यातून आवाज काढायचा नव्हताच मला, ती एकदा खांद्याला लावायची होती.

तुला काटोलकडचं आमचं घर आठवत असेल. आबांकडे पिकराखणीचा परवाना होता. भुईमुगात रानडुकरं उतरली की ते रात्री बांधावर जायचे, आणि बहुतेक वेळा नुसता बार काढून परत यायचे. आपण दोघं दाराच्या फटीतून बघायचो. आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, आणि लांब गजाने ठासायचे. तो ठक ठक आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. ते गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा केली. बाबांनी परवान्यासाठी अर्ज केला नाही, आणि पुढे चौकशीला गेलो तेव्हा तिचं काय झालं हे कोणी सांगू शकलं नाही. पेटीत पिवळी पडलेली पावती तेवढी राहिली: "एकनळी, ठासणीची, लाकडी दस्ता." एवढ्या चार शब्दांत आबांची बंदूक. ते वाचून मला फार लागलं रे.

माप कुठून आणायचं हा पहिला प्रश्न. एकच फोटो आहे, अंगणातला. आबा उभे आहेत, बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकलेला आणि तिला लागूनच पाण्याचा पितळी गुंड. तो गुंड आजही आमच्या स्वयंपाकघरात आहे! उंची मोजली तर 32 सेंटीमीटर, फोटोत बरोबर 2. म्हणजे सोळापट. फोटोत बंदूक साडेआठ सेंटीमीटर भरते, तेव्हा खरी 136, साडेचार फुटाला जराशी कमी. आकाराची खात्री करायला अजब बंगल्यात, म्हणजे इथल्या संग्रहालयात, जाऊन जुनी हत्यारंही बघून आलो. काचेशी इतका वेळ उभा राहिलो की राखणदार दोनदा येऊन बघून गेला.

दस्त्याचं लाकूड आपल्या महाल भागातलं. एक जुना वाडा पाडत होते, तिथली सागवानाची खांड मिळाली. शंभरेक वर्षं छताखाली वाळलेलं लाकूड, त्याला आता वाकायचं माहीतच नाही. पण सागवान पटाशीची धार खातं, त्याच्यात वाळूसारखा बारीक अंश असतो. दर वीस मिनिटांनी दगडावर धार लावावी लागायची. आणि दस्त्याची मूठ जिथे बारीक होते तिथे लाकडाची रेषा मुठीच्या लांबीनेच वाहिली पाहिजे, आडवी गेली तर एका धक्क्यात दोन तुकडे. त्या एका जागेसाठी मी खांड चार वेळा उलटसुलट करून आखली.

नळीच्या बाबतीत मात्र चुकलो. काळसर रंग हवा म्हणून गेल्या वर्षीच्या श्रावणात लकडगंजातून शिसवाचा तुकडा आणला. ओला होता. दुकानदार म्हणाला वाळलेला आहे, आणि मी वजन करूनही पाहिलं नाही. घाईने चौकोनी काढला, टोकांना मेणही लावलं नाही. आपला उन्हाळा तुला माहीत आहे, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर आणि हवेत ओल नावाला नाही. लाकूड लांबीला जवळजवळ आटत नाही, रुंदीला आटतं, आणि सगळ्या बाजूंनी सारखं आटत नाही. एका दुपारी शेडमधून "तडक" असा आवाज आला. नळी टोकापासून वीतभर फाटली होती. मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो. हिने चहा आणून ठेवला आणि काही न बोलता गेली.

दुसरी नळी जुन्या पलंगाच्या शिसवी पायपट्टीची. ती घडवताना जो आनंद झाला तो तुला सांगायलाच हवा. नळी मागे अठपैलू आणि पुढे गोल. चौकोनाचे आठ पैलू हाताने सारखे कसे काढायचे? 24 मिलिमीटरची बाजू असेल तर ती 7, 10, 7 अशी वाटायची. दोन्हीकडचे सात रंध्याने जातात आणि मधले दहा राहतात, की पैलू तयार. त्यासाठी एक छोटी पट्टी केली. दोन टोकांना दोन खुंट्या, आतल्या अंगाने बरोबर 24 अंतरावर, आणि मध्ये त्याच मापाने दोन खिळ्यांची टोकं. खुंट्या लाकडाच्या दोन्ही कडांना भिडवून ओढली की खिळे आपोआप रेघा मारत जातात. नळी पुढे बारीक होत जाते तशी पट्टी आपसूक तिरपी होते आणि प्रमाण तेच राहतं. काय अक्कल आहे बघ! जहाजांच्या डोलकाठ्या घडवणारे हीच युक्ती वापरायचे. पहिला कोपरा रंध्याखाली गेला तेव्हा शिसवाची ढलपी अखंड, तीन फूट लांब निघाली, जांभळट, वळत वळत पायाशी पडली. ती मी ठेवली आहे.

मग नळी दस्त्यात बसवणं. नळीवर दिव्याची काजळी धरायची, खाचेत ठेवून दाबायची आणि उचलायची. जिथे काळं उमटलं तेवढंच पटाशीने कागदाइतकं सोलायचं. परत काजळी, परत दाब. पहाटे साडेपाच ते नऊ, असे सव्वीस दिवस. हात, बनियान, चष्मा, सगळं काळं. शेवटी एक दिवस खाचेत पूर्ण लांबीभर सारखा काळा डाग उमटला, आणि नळी अशी बसली की दोन्हींच्या मधून पोस्टकार्डसुद्धा जाईना.

वरून जवसाचं तेल. आपल्या गावात पोळ्यांवर घ्यायचो तेच जवस. पातळ हात, दोन दिवस थांबायचं, परत हात. घरी कोणी हे करत असेल तर एक सांगून ठेव. तेलाची चिंधी चोळामोळा करून टाकायची नाही. हे तेल वाळताना हवेशी मिळून तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेटते. मी बादलीत टाकलेली एक चिंधी संध्याकाळी धुमसताना सापडली, बाजूलाच भुसा होता. तेव्हापासून चिंध्या पाण्यात बुडवतो, नाहीतर दोरीवर मोकळ्या पसरतो.

मागच्या आठवड्यात आत्या, आबांची लेक, आली होती. ब्याऐंशी वर्षांची, दिसतं कमी. मी बंदूक तिच्या मांडीवर ठेवली. तिने दस्त्यावरून हात फिरवला, मुठीपाशी थांबली आणि म्हणाली, "इथे खळगा होता. बाबांचा अंगठा तिथंच राहायचा." फोटोत तो दिसत नाही, पावतीत लिहिलेला नाही. मी तिचा अंगठा जिथे होता तिथे पेन्सिलने खूण करून घेतली. काल गोल कानशीने ती जागा हळूहळू उतरवली, माझा अंगठा बसेपर्यंत.

तान्ह्या पोळ्याला आबांनी आपल्या दोघांना लाकडी बैल करून दिले होते, ते आठवतात ना? त्यांचीच लाकूड तासायची वाकस मी वापरतो, दांडा तेवढा नवा आहे.

आता तुझ्याकडे एक काम. चापाभोवतीची कडी राहिली आहे. फोटोत तिथे आबांचा हात आला आहे, आत्यालाही आठवत नाही. ती पितळेची होती की लोखंडी? तू एकदा उन्हात बसून ती राखेने घासल्याचं मला अंधूक आठवतं, पण राखेने घासली म्हणजे पितळेचीच असं मी धरून चालू इच्छित नाही. इतवारीतून दोन्ही पत्रे आणून ठेवलेत. नीट आठव, वहिनींनाही तुझ्या लहानपणच्या गोष्टींत काही आलं असेल तर विचार. तुझं पत्र येईपर्यंत मी एकही पत्रा कापणार नाही.

तुझाच