त्या स्टँपपेपरावर सही करू नकोस

डिचोली,
7 सप्टेंबर 2025

चि. बाबू यास आशीर्वाद.

परवा फोनवर मी ओरडलो. कामावर तुझी दोन बोटं गेली, त्याबद्दल "कंत्राटदार स्टँपपेपरावर सही घेऊन दीड लाख देतात, घेऊन मोकळा होतो" असं तू म्हणालास आणि माझा तोल गेला. बोलताना मला राग आवरत नाही, म्हणून लिहितोय.

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी तू गणपतीच्या वरची फळापानांची माटोळी बांधायला बसलास. आंबाड्यांचा घोस लावताना केवणीच्या सालीचा दोर तीनदा निसटला. तर्जनी नाही, मधलं बोट नाही, तू अंगठा आणि शेवटच्या दोन बोटांत गाठ धरू बघत होतास. चौथ्यांदा दोर आईच्या हातात दिलास आणि अंगणात जाऊन उभा राहिलास. मी आतून बघत होतो.

माझा घोटा 1996 साली खाणीवर टिपरखाली सापडला तेव्हा तू वर्षाचा होतास. आठव्या दिवशी मुकादम घरी आला, कोऱ्यासारखा एक कागद पुढे केला, आणि मी 18 हजार घेऊन सही केली. घराचं छप्पर गळत होतं, त्या पैशांत कौलं घातली. पुढे 2012 ला खाणी बंद पडल्या. धडधाकट होते ते कुठे ना कुठे लागले. लंगडणाऱ्या माणसाला कुणी कामावर घेईना. कागदावर काय लिहिलं होतं ते मला आजही ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात मी पणजीला जाऊन विचारून आलो. तुझा पगार 24 हजार, ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, मर्यादा 21 हजारांची, म्हणजे तू त्यात नाहीस. तुला 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा लागतो. दोन बोटं गेली की कमावण्याची ताकद 20 टक्के कमी झाली असं त्याच्या परिशिष्टातच छापलंय, ते कंत्राटदाराने ठरवायचं नसतं. हिशेबाला पगार जास्तीत जास्त 15 हजार धरतात. त्याचे 60 टक्के 9,000. वय 30 असेल तर कायद्याच्या तक्त्यातला गुणक 207.98. गुणाकार करून त्याचे 20 टक्के काढ. 3,74,364 रुपये येतात. मी तीनदा केला.

फोंड्याच्या इस्पितळाची बिलं यात नाहीत, औषधपाण्याचा झालेला खर्च वेगळा मिळतो. महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवले तर निम्म्यापर्यंत दंडही. अपघात फेब्रुवारीत झाला. दावा करायला दोन वर्षं असतात, तेव्हा "शुक्रवारपर्यंत सांग" ही घाई कंत्राटदाराची आहे, तुझी नाही. कंत्राटदार हात वर करील तर मुख्य कारखान्याकडूनही भरपाई मागता येते.

तडजोड करूच नको असं मी म्हणत नाही. दावा लांबतो, तुझ्या खोलीचं भाडं थांबत नाही, हे मला कळतं. तीन लाखांच्या वर रक्कम, बिलं वेगळी, आणि करार कामगार आयुक्तांकडे नोंदवलेला, असं असेल तर मी स्वतः घे म्हणेन. रक्कम फारच कमी असेल तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात, म्हणूनच हे लोक तिकडे जायचं टाळतात. घरच्या घरी केलेल्या स्टँपपेपरावर "यापुढे काही मागणार नाही" लिहून घेतलं तरी कायद्याने हक्क जात नाही. पण एकदा सही केली की माणूस मनातून हरतो. मी हरलो होतो.

फुकट वकील मिळतो, कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून. त्यात लाज कसली?

बुधवारी सुट्टी टाक. सकाळच्या कदंबा बसने पणजीला ये, मी स्टँडवर थांबतो, तिथून कामगार आयुक्तांच्या कचेरीत पायी जाऊ. बिलं, पगाराच्या चिठ्ठ्या, इस्पितळाचा डिस्चार्ज कागद आण. आणि तो स्टँपपेपरही आण, सही न करताच.

आईने खोबऱ्याच्या नेवऱ्या ठेवल्यात तुझ्यासाठी. मीच घेऊन येतो.

तुझा,
बाबा